तळाला कोण बसलंय?

काही नावं अशी असतात की ती वाचूनच माणूस अर्धा गार होतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशी नावं पैशाला पासरी मिळतात. पण संगीतवालेही यात काही मागे नाहीत. हे नाव बघा : "सी मायनर सेव्हन फ्लॅट नाइन". त्याच्यापुढे एक तिरपी रेघ, आणि रेघेपलीकडे "ई फ्लॅट". हे एका कॉर्डचं नाव आहे. म्हणजे एकदम वाजवायच्या पाच सुरांचं.

आमच्या ऑफिसात चार-पाच जणांनी मिळून एक बँड काढलाय. गिटारवाला वसईचा, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गायलेला, नोटेशन पेपरसारखं वाचतो. मी कीबोर्डवाला, भिवंडीचा, भजनी मंडळाच्या पेटीवर वाढलेला, नोटेशन म्हटलं की घाम फुटणारा. त्याने कागदावर वरचं नाव लिहून दिलं आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे, फक्त खाली ई फ्लॅट घे." आता खाली का? आणि खाली घेतल्याने असा काय फरक पडतो? सूर तर तेच पाच! या प्रश्नात माझे गेले तीन वीकेंड गेलेत. आज त्याचा हिशेब.

आधी नाव फोडू. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो, कारण मला स्वतःला ते त्याच भाषेत कळलं. पांढरी एक हा सा धरा. कॉर्ड बांधायची रीत सोपी आहे : एक सूर घ्या, एक सोडा, पुढचा घ्या, एक सोडा. म्हणजे सा, ग, प, नी, आणि त्याच्यापुढे वरच्या सप्तकातला रे. रे मोजणीत नववा येतो, म्हणून "नाइन". "मायनर" म्हणजे ग कोमल. "सेव्हन" म्हणजे नी, आणि तोही कोमल. इथपर्यंत साधी मायनर नाइन्थ कॉर्ड झाली. यातला नेहमीचा रे शुद्ध असतो. तो अर्धा सूर खाली आणला, म्हणजे कोमल केला, की कॉर्ड "आल्टर्ड" झाली. आपल्याकडे कोमल-तीव्र सुरांना विकृत स्वर म्हणतात, तसंच हे.

आता पाचही सूर ओळीने म्हणून बघा. सा, कोमल ग, प, कोमल नी, कोमल रे. पेटीवर पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच आणि वरची काळी एक. काही ओळखीचं वाटतंय का? अहो, ही आपली भैरवी! सातातले पाच सूर हजर. फक्त म आणि कोमल ध गैरहजर. एवढ्या मोठ्या नावाच्या मागे आपल्या गावचंच माणूस निघावं तसं झालं.

पण गंमत पुढेच आहे. जॅझची पुस्तकं या कॉर्डबद्दल सहसा सांगतात की मायनर सेव्हन्थवर कोमल रे ठेवू नका, टाळा. त्याला ते "अव्हॉइड नोट" म्हणतात. इकडे आपली अख्खी मैफल ज्या रागाने संपते, त्या रागाचा हा जीव, आणि तिकडे तो टाळायचा सूर! यातलं चूक कोण?

चूक कोणीच नाही. भैरवीत कोमल रे एकटा येतो, त्याच्यावरून गळा घसरत सा वर येतो. कॉर्डमध्ये सा आणि कोमल रे एकाच क्षणी वाजतात. हा फरक मला आकड्यांत दिसला तेव्हा पटला. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे सेकंदाला साधारण २६१.६ कंपनं. पण कुठलाही सूर एकटा नसतो, त्याच्याबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपसूर वाजत असतात. दुप्पट म्हणजे ५२३. आणि वरच्या सप्तकातला कोमल रे आहे साधारण ५५४. दोघांत फरक ३१ चा. म्हणजे सेकंदाला ३१ वेळा ते एकमेकांना साथ देतात आणि ३१ वेळा मारामारी करतात. हा जो करकरीतपणा होतो, तो कानाला टोचतो.

भिवंडीकराला हे समजवायला खरं तर आकडे लागत नाहीत. शेजारी शेजारी दोन माग चालू असले की ऐका. एक मिनिटाला १२० फेकी मारतोय आणि दुसरा १२४. दोघांचे धोटे कधी एकदम आपटतात, मग हळूहळू मागेपुढे होतात, पार उलटसुलट होतात, आणि पुन्हा एकत्र येतात. दर १५ सेकंदांनी एकदा. लहानपणी मला वाटायचं माग एकमेकांशी भांडतात आणि परत समेट करतात. इंजिनिअरिंगला "बीट्स"चं प्रकरण शिकवलं तेव्हा वर्गात मी एकटाच असेन ज्याला ते आधी कानाने माहीत होतं. मागांची समेट १५ सेकंदांनी होते म्हणून ती आपल्याला मोजता येते. सुरांची सेकंदात ३१ वेळा होते, म्हणून ती मोजता येत नाही, नुसती टोचते.

मग त्या "खाली ई फ्लॅट घे"चं काय? ई फ्लॅट म्हणजे काळी दोन, आपला कोमल ग. कॉर्डमधला मूळ सूर सोडून दुसरा सूर तळाला ठेवला, की त्याला इन्व्हर्शन म्हणतात. सूर तेच, माणसं तीच, फक्त सतरंजीवर यजमानाच्या जागी दुसरा कोणी बसला. वरचे चार कोणत्या क्रमाने बसतात याच्याशी इन्व्हर्शनला देणंघेणं नाही (तो वेगळा विषय, त्याला व्हॉइसिंग म्हणतात). विचारायचा प्रश्न एकच : तळाला कोण बसलंय?

पाच सूर, म्हणजे तळाला बसणारे पाच उमेदवार. एक मूळ आणि चार इन्व्हर्शन. मी आपला धंद्याला जागून शनिवारी सकाळी एक चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. सा ला ० म्हणायचं, कोमल रे १, कोमल ग ३, प ७, कोमल नी १०. मग प्रत्येकाला पाळीपाळीने शून्य करायचं, बाकीच्यांतून तेवढंच वजा करायचं, आणि उत्तर उणे आलं तर १२ मिळवायचे. बस्स. जे बाहेर आलं ते बघून मी चहा गार होऊ दिला. तळाच्या सुराला सा मानलं तर बाकीचे कसे दिसतात, ते असं :

तळाला सा : सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल नी. ही भैरवी, आपली मूळ.

तळाला कोमल रे : सा, रे, तीव्र म, ध, नी. सगळे यमनचे सूर!

तळाला कोमल ग : सा, ग, प, ध, कोमल नी. हे खमाजचे.

तळाला प : सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध. हे कोणाचेच नाहीत. दोन्ही मध्यम आहेत, पंचमच नाही.

तळाला कोमल नी : सा, रे, कोमल ग, म, ध. हे काफीचे.

एका कॉर्डच्या पोटात भैरवी, यमन, खमाज, काफी आणि एक अनाथ! (सूर त्यांचे, राग नव्हे, हे मला माहीत आहे. नुसत्या सुरांनी राग होत नाही, चलन लागतं. जाणकारांनी लगेच काठी उगारू नये.)

आणि गिटारवाल्याचा ई फ्लॅटही इथेच सुटतो. तळाला कोमल ग ठेवला की पुस्तकात या कॉर्डचं नावच बदलतं, तिला "ई फ्लॅट थर्टीन" म्हणतात. कालपर्यंत टाळण्यासारखा असलेला कोमल रे आता तळापासून मोजला की साधा कोमल निषाद होतो, खमाजातला घरचा माणूस. वर व्हॉइसिंग करताना कोमल रे खाली आणि सा त्याच्या वर ठेवला, तर त्या दोघांमधलं अंतर १३ पट्ट्यांऐवजी ११ होतं आणि करकर बरीच निवते. मी डाव्या हाताने काळी दोन धरली, उजव्याने काळी एक, पांढरी पाच, काळी पाच आणि वरची पांढरी एक. इतका उबदार आवाज आला की दहा मिनिटं तेवढंच वाजवत बसलो.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? सा सरकवून दुसरा राग काढायचा, याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. बरोबर. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या सात आणि मध्यमग्रामाच्या सात अशा १४ मूर्च्छना सांगितल्या आहेत. पण तिथे सूर एकामागून एक येतात, इथे एकदम. आणि दुसरं, हे सरकवणं पेटीवर इतकं स्वच्छ जमतं त्याचं कारण पेटीचे १२ सूर समान अंतरावर कापलेले आहेत. कुठूनही मोजायला सुरुवात करा, फूटपट्टी तीच. गवयाच्या गळ्यातले सूर असे समान नसतात. याच कारणाने, आणि पेटीवर मींड निघत नाही म्हणून, १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली होती. ती १९७१ नंतर हळूहळू सैल झाली. डॉ. विद्याधर ओकांनी तर २२ श्रुतींची हार्मोनियम बनवून दाखवली. म्हणजे ज्या तडजोडीसाठी पेटीने शिव्या खाल्ल्या, तीच तडजोड कॉर्डच्या या खेळाचं भांडवल आहे.

आणि कॉर्ड आपल्या कानांना परक्या तरी कुठे राहिल्यात? मुंबईच्या सिनेमासंगीतात त्या आणल्या त्यात मोठा वाटा गोव्याच्या वादकांचा. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत नोटेशन शिकून ही मंडळी मुंबईत आली. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागे सबॅस्टियन डिसोझांची अरेंजमेंट असायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं नाव त्यांचंच. चाल कोणाचीही असो, तिच्या तळाला कोण बसवायचं हे ही माणसं ठरवत होती. आपण चाल गुणगुणतो, तळ कोणाच्या लक्षात राहत नाही.

तळ लक्षात ठेवणारं एक माणूस आमच्या घरात आहे. बाबा.

बाबा ३१ वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा. त्यासाठी आधी आवाज ऐकायचा. कोणत्या मागाचा धोटा अडतोय हे ते चालता चालता सांगायचे. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलच्या वर आवाज नसावा असं नियम म्हणतो. माग भरलेल्या खोलीत बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, यावरून काय ते समजा. कानात घालायला कोणी काही दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी ऑडिओग्राम काढला. आलेख डावीकडून बरा चालत येतो आणि ४००० हर्ट्झला विहिरीत पडावा तसा पडतो. दोन्ही कानांत. डॉक्टर म्हणाले, हे परत येत नाही.

४००० च्या आसपास आपल्या बोलण्यातली धारदार व्यंजनं राहतात. स, श, च, त. ती गेली की बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. मी विचारतो "चहा?", त्यांना ऐकू येतं नुसतं "हा", ते "हां" म्हणतात. तेवढंच एक उत्तर बरोबर येतं. बाकी गप्पा हळूहळू आटल्या. फोनवर तर ते बोलतच नाहीत, आईकडे देतात. कानातलं मशीन आणलंय, ते कपाटात असतं, कारण त्यात "सगळंच वाजतं" म्हणे.

पण पेटी! पेटीची सगळ्यात वरची पट्टीसुद्धा दीड हजारच्या आसपास थांबते. विहिरीच्या खूप अलीकडे. म्हणजे बाबांना माझं वाक्य कळत नाही, पण माझा कोमल रे माझ्याइतकाच कळतो. हे मी ऑडिओग्राम आणि पेटीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं, आणि थोडा वेळ काही सुचलं नाही.

मागच्या रविवारी त्यांच्यासमोर बसलो. काही समजावलं नाही, समजावणार कसं? पाचही प्रकार एकेक करून वाजवले. आधी एकदम, मग तळापासून सुटे सुटे. पहिल्याला ते लगेच म्हणाले, "भैरवी." तळाला काळी दोन घेतली, तर थोडं थांबून, "खमाजासारखं वाटतंय." काफी पेटीवर स्वतःच वाजवून दाखवला. यमनला हसले, म्हणाले, "ग खाल्लास की रे." (खरंच ग नाहीये तिथे!) आणि तो तळाला प असलेला अनाथ वाजवल्यावर भुवया वर. "याला पंचम कुठाय? याला घर नाही."

मग त्यांनी मोबाइलवरचा तानपुरा लावला, पांढरी एकमध्ये. म्हणाले, "आता वाजव."

तेच पाच प्रकार वाजवले. आणि पाचच्या पाच वेळा भैरवीच ऐकू आली! खमाज नाही, यमन नाही, काही नाही. मी डाव्या हाताने कितीही सूर बदलले तरी त्याच्याही खाली तानपुऱ्याचा सा बसलेला. कान त्यालाच तळ मानतो. "बघ," बाबा म्हणाले, "तू वरची माणसं हलवतोयस. सा हलत नाही तोवर काय होणार?"

तीन वीकेंड मी जे शिकलो त्याचा सगळा अर्थ त्या वाक्यात होता. कॉर्डचं नाव पाठ करून ती कळत नाही. प्रत्येक सुराला विचारावं लागतं की तुझ्या खाली कोण आहे. उत्तर बदललं की तोच सूर कधी टोचतो, कधी घरचा होतो. आणि आपल्या संगीतात कॉर्ड का उगवल्या नाहीत, हेही कळलं. तानपुऱ्याने तळाची जागा कायमची धरून ठेवलीय, तिथे दुसऱ्या कोणाला बसायला वावच नाही. त्या बदल्यात एकेका सुराचं सा शी नातं इतकं खोल ऐकता येतं की त्यातच जन्म जातो. एकीकडे तळ बदलण्याची मजा, दुसरीकडे तळ न बदलण्याची. मला आता दोन्ही हव्यात.

पेटीवर कॉर्ड न येण्याचं आणखी एक साधं कारण बाबांनीच दाखवलं. डावा हात भात्यावर. पाच बोटांत पाच सूर, तेही सव्वा सप्तकावर पसरलेले, कसे धरणार? म्हणून आम्ही काम वाटून घेतलंय. बाबांची पेटी कीबोर्डपेक्षा किंचित चढी आहे, त्यामुळे कीबोर्डचा सूर ४४० वरून ४४३ वर नेला. आता वरचे सूर मी धरून ठेवतो आणि तळाचा एक सूर बाबा पेटीच्या खर्जात देतात. कुठला द्यायचा हे ते सांगत नाहीत. मी तशीच बोटं दाबून बसतो आणि त्यांच्या एका बोटासरशी माझी कॉर्ड भैरवीची खमाज होते, खमाजची काफी होते. मध्येच मुद्दाम तो बिनघराचा पंचम देतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात.

बँडचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. गिटारवाल्याला सांगितलंय, ई फ्लॅट पक्का बसलाय. घरी मात्र अजून तासभर तरी रोज बसतो. काल रात्री साडेदहाला आईने दिवे बंद करा म्हणून सांगितलं. मला ऐकू आलं, बाबांना नाही. मी काही बोललो नाही, तीच कॉर्ड धरून ठेवली.